मोहितेकाकांचा व्हॉल्व्ह

आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या इमारतीत एक पलंग उतारावर आहे. डोक्याकडच्या खुरांखाली विटा, पायाकडचे खूर जमिनीवर. त्यावर मोहितेकाका डाव्या कुशीवर झोपतात आणि सकाळी चादरीसकट घसरून पायथ्याशी गोळा झालेले असतात.

"पेठे, पाइपला उतार दिला की उलटा प्रवाह बंद. साधी गोष्ट आहे," ते मला समजावतात.

काकांची सगळी नोकरी बाजव्याकडच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासण्यात गेली. त्यामुळे पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून सांगितलं, की जठराचं वरचं तोंड नीट मिटत नाही, आम्ल वर येतं आणि अन्ननलिकेला खाली जखमा झाल्या आहेत, तेव्हा काका घाबरले नाहीत. चिडले. "जन्मभर दुसऱ्यांचे व्हॉल्व्ह तपासले आणि माझाच लीक!" तेव्हापासून भाजीवालीने "केम छो काका?" विचारलं तरी उत्तर ठरलेलं : "व्हॉल्व्ह लीक छे, बेन."

डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच; त्यांच्या जोडीला काका आमच्या गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या वैद्यबाईंकडे जाऊ लागले. बाईंनी पहिली ताकीद दिली, ती गोळ्या मनाने बंद न करण्याची. मग शतावरी घातलेलं दूध, ज्येष्ठमध, मोरावळा, साळीच्या लाह्यांचं पाणी आणि जेवण सूर्य मावळायच्या आत. काकांनी हे कारखान्याच्या शिस्तीने पाळलं. लग्नाच्या रिसेप्शनला ते आचारी शेगडी पेटवत असतानाच पोचायचे, त्याच्याकडून साधा वरणभात मागून घ्यायचे, आहेर वधूच्या मामाच्या हातात द्यायचे आणि वधूवर यायच्या आत घरी.

एकच पथ्य त्यांना जड गेलं. सेव-उसळ बंद.

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : वाटाण्याची उसळ, वर मूठभर शेव, कांद्याची पात, आणि वेगळ्या भांड्यातून हवी तेवढी ओतून घ्यायची लालभडक तर्री. काकू होत्या तोवर दोघं दर रविवारी लहरीपुऱ्यात जाऊन खायचे. काकू गेल्या, मुलगा कॅनडात स्थिरावला, आणि मग व्हॉल्व्ह गेला.

पथ्य लागल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी काकांनी मला हाक मारली. टेबलावर डबा उघडा होता, घरभर तर्रीचा वास. एकच ताटली, तीही माझ्यासमोर.

"खा. आणि अहवाल द्या."

"कसला अहवाल?"

"मला खाता येत नाही. तुम्ही खायचं आणि सांगायचं. तुम्ही हिशेबातले माणूस, उगाच 'मस्त आहे' म्हणणार नाही."

मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, "चांगली आहे."

"चांगली म्हणजे काय? तिखट आधी जिभेला लागलं की घशाला? वाटाणा सालासकट चावला गेला की साल वेगळं आलं?"

मग मी नीट सांगितलं : तिखट घशाला लागतंय, जिभेला गरम मसाला, शेव वरची कुरकुरीत आहे, खालची भिजली. काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी चक्क आवंढा गिळला. "लवंग जास्त पडलीय," ते म्हणाले. खरंच पडली होती.

तेव्हापासून रविवारची सकाळ त्यांच्याकडे. बायको म्हणायची, "आज परत रिपोर्टिंग का?" मी मधूनच विचारायचो, "काका, वैद्यबाई काय म्हणतात?" ते मान हलवायचे. "अजून नाही. व्हॉल्व्हचं काम आहे, घाई चालत नाही."

होळीच्या सुमारास मला छातीत जळजळ सुरू झाली. कारण शोधायला वेगळा हिशेब नको होता. मी त्याच वैद्यबाईंकडे गेलो. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि तर्री कुठे खाता, असं सरळच विचारलं. मी मोहितेकाकांचं नाव घेतलं.

"म्हणजे रविवारचे पाहुणे तुम्हीच!" बाई हसल्या. "पण आता कशाला? दिवाळीनंतरच्या तपासणीत जखमा भरलेल्या दिसल्या. डॉक्टरांना विचारून मी त्यांना तेव्हाच सांगितलं, कधीतरी एक वाटी उसळ खा, कांदा आणि तर्री सोडून. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल, मीच विसरलो," मी म्हणालो.

रविवारी गेलो. डबा उघडा, माझी ताटली मांडलेली, काका खुर्चीत सरसावून बसलेले.

"काका, मला बंदी आलीय. माझाही व्हॉल्व्ह."

काका हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. डब्याचं झाकण उचललं, लावलं, परत काढलं. "असं," ते म्हणाले. "म्हणजे आता रविवारी तुमचं... बरोबर आहे. तब्येत पहिली." आणि खिडकीकडे बघत बसले.

मी ताटली त्यांच्यासमोर सरकवली. वाटीभर उसळ वाढली, थोडी शेव घातली. कांद्याला आणि तर्रीला हात लावला नाही.

"तुम्ही खायचं. मी अहवाल घेणार. दर रविवारी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला किती ठाऊक आहे, हे त्यांनी विचारलं नाही. चमच्यात एकच वाटाणा घेतला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

मी थांबलो.

"काय काका? कसा आहे?"

"थांबा हो," डोळे न उघडता ते म्हणाले. "तुम्हाला कुठे जायचंय?"

त्या दिवशी ती वाटी त्यांनी एकेक वाटाणा करत दुपारपर्यंत पुरवली.