आमिषाला जिताड्याची मंजुरी

सांबरी खाडीतल्या जिताडा माशांनी मागच्या कार्तिकापासून, गळाला लागण्याआधी आमिष लेखी मंजूर करून घ्यायची पद्धत सुरू केली. मंजुरी नसलेल्या आमिषाला कुणी तोंड लावत नसे. आमिष संध्याकाळी धक्क्यावरच्या खाडी कार्यालयात जमा करायचं, रात्रभर ते पाण्यात टांगलं जाई, जिताड्यांच्या प्रतिनिधी ते तपासत आणि सकाळी कारकून सुनंदा मोकल त्याला शेरा लिहिलेली चिठ्ठी बांधून परत देत. पुण्यामुंबईचे हौशी गळवाले सुरुवातीला कुरकुरले, मग रांगेत उभे राहू लागले.

लडकू घरत मात्र कुरकुरला नाही. तो सरळ भडकला.

लडकू बर्फाच्या कारखान्यात फिटर होता आणि निवृत्त झाल्यापासून रात्री उघाडीवर गळ टाकायचा. उघाडी म्हणजे खारभूमीच्या बांधातला दरवाजा. ओहोटीला आतलं पाणी तिथून खाडीत पडतं, त्याबरोबर बोईट मासा आणि कोळंबी वाहत येते आणि जिताडा दरवाजाच्या सावलीत तोंड वासून उभा राहतो. लडकू तिथे पांगाऱ्याच्या लाकडाचा वीतभर मासा टाकी. तो मासा तो स्वतः कोरायचा. साचा त्याच्या थोरल्या भावाचा, हरिश्चंद्रचा होता. हरिश्चंद्र गेल्या वर्षी वारला.

पहिली चिठ्ठी आली : ‘चाल खोटी. नामंजूर.’ लडकूने तोच मासा पुन्हा जमा केला. पुन्हा तेच. त्याने पोटावर आणखी पांढरा रंग दिला, पाठीवर चंदेरी कागद चिकटवला, डोळे लाल केले. नामंजूर मासा परत आला की त्या रात्री तो हट्टाने उघाडीवर टाकी आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा जमा करी. अडीच महिन्यांत एकोणचाळीस चिठ्ठ्या झाल्या.

“साचा बदलून बघा ना एकदा,” त्याची बायको चांगुणा म्हणाली.

“साच्यात खोट नाय. हरीदादाचा साचा हाय.”

“मी कुठं खोट म्हणतेय?”

“ती म्हणतेय. पाण्यातली.”

चाळिसावी चिठ्ठी घेऊन तो कार्यालयात गेला आणि त्याने ती मोकलबाईंच्या टेबलावर आपटली.

“मोकल मॅडम, हे शेरे लिहितं कोण?”

“मी लिहिते. सांगतात प्रतिनिधी.” मोकलबाईंनी चिठ्ठी सरळ केली. “हरकत असेल तर सुनावणी मागता येते. अर्ज साध्या कागदावर चालेल.”

लडकूने अर्ज केला. त्यात त्याने लिहिलं की जिताड्यांना परदेशी प्लास्टिकची चटक लागली आहे, गावच्या माणसावर अन्याय होतो आहे आणि एका मेलेल्या माणसाचा अपमान होतो आहे. शेवटच्या वाक्यापाशी पेनाने कागद फाटला. मोकलबाईंनी तिथे चिकटपट्टी लावली आणि आवक क्रमांक टाकला.

सुनावणी अवसेच्या दुसऱ्या रात्री, ओहोटी लागल्यावर, उघाडीवर झाली. प्रतिनिधी पाण्याबाहेर येऊ शकत नव्हत्या आणि दिवसा त्या खोल असत, म्हणून वेळ तशी ठेवली होती. मोकलबाई घडीची खुर्ची आणि विजेरी घेऊन आल्या. जिताडा वयाने वाढला की त्याची मादी होते, हे खाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे प्रतिनिधींना बाई म्हणायचं असं ठरलेलं होतं. त्या अकरा किलोंच्या होत्या. दरवाजाच्या सावलीत त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे दिसत.

“विजेरी बंद करा,” त्या म्हणाल्या. “डोळ्यात मारता आणि वर न्याय मागता.”

मोकलबाईंनी विजेरी बंद केली आणि अंधारातच लिहायला घेतलं.

“बाय, माझ्या माशात काय खोट हाय ते तोंडावर सांग,” लडकू म्हणाला.

“पांढरा का रंगवला?”

“बोईट पांढरं असतं.”

“दिवसा. रात्री आम्ही खालून वर बघतो, घरत. चांदणं नसलं तरी पाण्यापेक्षा आभाळ उजळच असतं. त्यावर काळं उठून दिसतं. तुमचा चंदेरी कागद तिथे विरघळून जातो. चाळीस वेळा मी नुसता गळ बघितला, मासा नाही.”

मोकलबाईंच्या पेनाचा आवाज येत होता.

“दुसरं,” प्रतिनिधी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. “पोटात छर्रे घाला. अंधारात आवाज आधी पोचतो. आणि तिसरं, ओढता कसे तुम्ही? रात्री बोईट पळत नसतं. हातभर सरकतं, थांबतं. परत सरकतं. तुम्ही रीळ फिरवता ते कुणाच्या कानफटात देताय असं. मागच्या गुरुवारी तुमचा मासा माझ्या डोक्यावरून गेला तेव्हा माझी पिलंसुद्धा हसली. हा साचा मी ओळखते. हरिश्चंद्र घरतचा. त्याने मला याच उघाडीत दोनदा धरलं आणि दोनदा सोडलं. तो टाकायचा, बिडी पेटवायचा, मग एकदा ओढायचा. त्याचा मासा खरा होता. अपमान मी करत नाही. तुम्ही करताय.”

लडकूचे कान तापले. त्याला दरवाजाची साखळी ओढून सगळं पाणी एकदम सोडून द्यावंसं वाटलं. पण ती बोलली त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं आणि त्यामुळेच त्याला जास्त राग आला.

“हे चिठ्ठीत का नाय लिहिलंत?”

“चिठ्ठीत दोनच ओळी बसतात,” मोकलबाई म्हणाल्या.

अर्ज फेटाळला गेला. लडकू घरी आला आणि त्याने सगळा रंग खरवडून काढला. चुलीच्या काजळीने मासा काळा केला. सायकलच्या जुन्या चाकातले पाच छर्रे पोटात बसवून वर लाखेचं बूच मारलं. मग अकरा रात्री तो उघाडीवर नुसता हात बसवत राहिला. ओढायचं, थांबायचं. थांबला की त्याला दवाखान्यातला हरीदादा आठवायचा, त्याची शेवटची रात्र आठवायची, ज्या रात्री कारखान्यात पाळी बदलून मिळाली नाही म्हणून लडकू गेला नव्हता. मग हात पुन्हा रीळ गरगर फिरवायचा. अकराव्या रात्री हात फिरला नाही. तो थांबला आणि थांबून राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मासा जमा केला आणि सकाळी लगेच मंजुरी आली. त्या रात्री त्याने मासा सावलीच्या कडेला टाकला, एकदा ओढला आणि दहा आकडे मोजले. पाणी फुटलं. प्रतिनिधी स्वतः लागल्या होत्या.

अर्ध्या तासाने त्या चिखलावर होत्या. लडकूने गळ काढला आणि त्यांना दोन्ही हातांनी पाण्याकडे वळवलं.

“जा परत.”

“मंजूर आमिषाला लागलेल्याला परत जाता येत नाही.”

“हरीदादाने सोडलं होतं ना?”

“तेव्हा नियम नव्हता. नियम मीच केलाय. मी मोडला तर बाकीचे ऐकतील का?”

“मग लागलीस कशाला?”

“चाल खरी होती,” त्या रागाने म्हणाल्या. “खोटी असती तर लागले नसते.”

लडकूने त्यांना घरी नेलं. चांगुणाने कैरी घालून कालवण केलं. त्याने दोन तुकड्या खाल्ल्या. चव चांगली होती, याचाही त्याला राग आला.

नवे प्रतिनिधी हंगामी होते, चार किलोंचे, आणि ते सगळंच मंजूर करत. पुण्याच्या एका गळवाल्याचा दात घासायचा ब्रश मंजूर झाला. एकाची चप्पल झाली. धक्क्यावर लोक खूश होते. लडकूने काळा मासा जमा केला, तो न टांगताच मंजूर होऊन परत आला. त्या रात्री त्याने टाकला आणि पाण्याला टेकायच्या आत एक जिताडा लागला. त्याने तो उचलून डोळ्यासमोर धरला.

“काय बघून तोंड घातलंस?”

जिताड्याने शेपटी आपटली. लडकूने नियम धाब्यावर बसवून त्याला परत फेकलं. पहाटेपर्यंत त्याने असे सतरा फेकले. सतराही जणांना विचारलं.

सकाळी तो कार्यालयात गेला आणि प्रतिनिधीच्या जागेसाठी अर्ज मागितला. मोकलबाईंनी नियम काढून वाचले. वजन किमान सात किलो हवं, वास्तव्य खाडीत हवं आणि आमिषाची जाण हवी.

“वास्तव्याचं काय?” त्यांनी विचारलं.

“सोमवारपासून,” लडकू म्हणाला.

चार किलोंच्या प्रतिनिधींनी हा अर्जही मंजूर केला. सोमवारी ओहोटीला लडकू उघाडीच्या पायऱ्या उतरून रुजू झाला. मंगळवारी सकाळी एकवीस आमिषं परत आली, एकवीसही नामंजूर. प्रत्येक चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरलेली होती आणि मोकलबाईंचं मनगट सुजलं होतं.

चांगुणा दुपारी कार्यालयात आली. तिने लडकूचा धुतलेला सदरा घडी करून सोबत आणला होता.

“घरी कधी येणार ते?”

“भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटी मंद असते, पाण्याला ओढ नसते,” मोकलबाई म्हणाल्या. “अष्टमीला सुट्टी मिळेल त्यांना.”

“अजून रागात आहेत का?”

“आहेत.”

“मग बरे आहेत.” चांगुणाने सदरा टेबलावर ठेवला. “अष्टमीला जेवायला या म्हणावं. वालाचं बिरडं करीन. मासा करणार नाही, एवढं सांगा त्यांना.”

मोकलबाईंनी निरोप लिहून घेतला आणि त्याला आवक क्रमांक टाकला.