आधी पाटी वाचा

महाडात आमच्या शेजारच्या दाराला बेल आहे, पण ती दाबायच्या आधी पाटी वाचावी लागते. पाटीवर खडूने लिहिलेलं असतं: 'जाग', 'डुलकी' किंवा 'गाढ झोप'. डुलकी असेल तर बेल एकदाच वाजवायची आणि थांबायचं. गाढ झोप असेल तर मुकाट परत जायचं. पोस्टमनने एकदा बेल दुसऱ्यांदा दाबली, तर मधुभाऊंनी त्याला पाटी वाचून दाखवायला लावली आणि मगच पत्र घेतलं.

मधुभाऊ पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करत. यंत्रातल्या चिपचं काय बिघडलंय ते कॉम्प्युटरवरून तपासता यावं म्हणून मधला प्रोग्रॅम लिहायचा. त्याला म्हणे ड्रायव्हर म्हणतात. मी कोर्टात कारकून, मला ड्रायव्हर म्हटलं की एसटीचाच आठवतो.

ही चिप वीज वाचवायला मधूनमधून झोपते. जुना ड्रायव्हर तिला प्रश्न विचारायचा आणि उत्तर आलं नाही की चिप मेली म्हणून कळवून मोकळा व्हायचा. मधुभाऊ संतापत. "झोपलेल्याला मेला म्हणता? चिपचा एक कोपरा कायम जागा असतो. आधी त्याला विचारा. मग हळू उठवा आणि थांबा."

कंपनीला थांबायला सवड नव्हती. तपासताना चिपची झोपच बंद करा, असं साहेबांनी फर्मावलं. मधुभाऊंचं फोनवरचं 'नाही' आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. "अहो, बिघाड होतो झोपेतून उठताना. झोपूच दिलं नाही तर तपासणार काय, कपाळ? काम काढून घ्या. असलं मी करणार नाही."

शनिवारी साहेबांचा शेवटचा फोन यायचा होता. हे काम गेलं तर महाडात दुसरं कोण देणार, म्हणून मी समजवायला गेलो. पाटीवर 'जाग' होतं.

आतल्या खोलीत त्यांच्या आई पडून होत्या. पक्षाघातानंतर त्यांचं बोलणं गेलं होतं. उशाशी खडूचा तुकडा दिसला. पाटीवरची झोप मधुभाऊंची नव्हतीच, आईंची होती; इतकी वर्षं शेजारी राहूनही मला कळलं नव्हतं.

वरंधहून आलेली मावशी म्हणत होती, "हाका मारून दमले रे मधू. हिला आता काय कळत नाय. नुसती पडून हाय."

"मावशी, तू हाक मारतेस आणि लगेच बोलायला लागतेस. थांबत नाहीस."

त्यांनी आईचा डावा अंगठा हातात धरला. "आई, वरंधची मावशी आलीये." मग गप्प बसले. बराच वेळ गेला. मावशी चुळबुळली. खोटं कशाला बोलू, मीही मनातून मावशीच्याच बाजूचा झालो होतो.

अंगठा हलला. मधुभाऊंच्या बोटावर एकदा दाबला गेला. मावशीने पदर तोंडाला लावला.

"एवढाच कोपरा जागा आहे," मधुभाऊ म्हणाले. "थांबा, ती अजून काही सांगेल."

तेवढ्यात फोन वाजला. ते आईचा हात सोडेनात. समजवायला आलेला मी उठलो आणि फोन घेतला.

"काय ठरलं?" साहेबांनी विचारलं.

"झोप बंद होणार नाही," मी म्हणालो. वीस वर्षं साहेबलोकांपुढे मान खाली घालणाऱ्या मला माझा आवाज ओळखू येईना. "मधुभाऊ कामात आहेत. फोन ठेवू नका. थांबा."