किलोमीटरमागे पन्नास मीटर

वजनमापे निरीक्षकांचे म्हणणे असे, की या जगात विश्वास ठेवावा अशा दोनच गोष्टी आहेत: एक पोलादी टेप आणि दुसरे आपण स्वतः. त्यातही टेप उन्हात किंचित वाढते. म्हणजे उरले कोण, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे!

बाकी सारे जग अंदाजपंचे चालले होते. शिंपी अंदाजाने कापतो, दूधवाला अंदाजाने ओततो, आणि खुद्द बायको अंदाजाने मीठ घालते! घरात साबणाची नवी वडी आली, की निरीक्षक आधी ती तोलत आणि मगच अंघोळीला जात. गल्लीत त्यांना 'काटेकोर' म्हणत. हे आपले कौतुक आहे, असा त्यांचा समज होता. तो समज तपासून पाहण्याचे मात्र त्यांनी कधी मनावर घेतले नाही.

नुकताच त्यांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा काटा पकडला होता. किलोमागे पन्नास ग्रॅम कमी!

"साहेब, मुद्दाम नाही हो केलं. काटा जुना झालाय. माझ्या लक्षातच आलं नाही."

"लक्षात आलं नाही? शेठ, दुसऱ्याला माप घालणाऱ्याने लक्षात आलं नाही म्हणणं, हाच मुळी गुन्हा!"

आणि त्यांनी काट्याला तार गुंडाळून तिच्यावर शिशाचे सील दाबले. दुकानदार त्या सीलकडे असा पाहत राहिला, जणू घरातल्या म्हाताऱ्याच्या तोंडाला कुणी कुलूप घातले आहे.

निरीक्षकांची लेक अठरा वर्षांची होती आणि सायकल चालवत असे. जिल्ह्याच्या संघात जागा मिळवायची तर कालव्याकाठच्या खडीच्या रस्त्यावर वीस किलोमीटर त्रेचाळीस मिनिटांच्या आत कापावे लागत. दोन वर्षे ती काही सेकंदांनी हुकली होती. दोन्ही वेळा घरी येऊन स्वच्छ असलेले बूटच ती पुन्हा धूत बसली होती. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. जे काही व्हायचे, ते यंदाच.

"अंतर मोजायचा प्रश्नच नाही," तिचे प्रशिक्षक म्हणाले. "कालव्याकाठी दर किलोमीटरला दगड आहेत की!"

"दगड?" निरीक्षकांनी तो शब्द चिमटीत धरून बाजूला ठेवला. "दगड रोवले कुणी? ठेकेदाराने! कोणत्या टेपने? रस्ता मी मोजणार."

"अहो, लेकीची परीक्षा आहे," बायको म्हणाली. "मोजू द्या ना दुसऱ्या कुणाला."

"दुसऱ्या कुणाला मोजता येतं का?"

यावर बायकोने भाजीत मीठ घातले. अंदाजाने.

निरीक्षकांकडे खडीवर चालणारी एक चांगली ग्रॅव्हल बाइक होती. हँडलवर मीटर, पुढच्या चाकाच्या आऱ्यावर लहानसे चुंबक. चाक एक फेरी फिरले की मीटर अंतर मोजे. पण निरीक्षकांना एक शंका छळत होती. बारीक टायर खडीवर उडतो. उडताना चाक हवेत असते. आणि हवेत असलेले चाक रस्ता कसा मोजणार? तेव्हा टायर हवा रुंद, मऊ, जमिनीला धरून चालणारा! मोजणीच्या इतिहासात इतका बारीक विचार कुणी केला नसेल, या कल्पनेने ते स्वतःच थोडे हळवे झाले.

"रुंद टायर या चाकावर नाही बसायचा, साहेब," सायकलचे मिस्त्री म्हणाले. "फ्रेमला घासेल. चाकंच लहान घालू. चाक लहान झालं, की टायरला अंगाने वाढायला जागा मिळते."

नवी चाके बसली. सायकल आता दुसऱ्याचे मोठे बूट घालून निघालेल्या किडकिडीत माणसासारखी दिसत होती. मिस्त्रींनी चुंबक नव्या आऱ्यावर लावले आणि हात पुसत म्हणाले, "आता फक्त मीटरमध्ये ते माप—"

"माप?" निरीक्षक हसले. समोरच्याला आपली उंची कमी झाल्यासारखी वाटावी, असे ते हसू होते. "मिस्त्री, तुम्ही मला मापाबद्दल सांगणार?"

"नाही, म्हणजे चाक बदललं ना, तर—"

"तुम्ही नट आवळा. मापाचं मी बघतो."

मिस्त्रींनी आधीच आवळलेला नट आणखी एकदा आवळला.

पहाटेच्या गारव्यात निरीक्षक कालव्यावर गेले. गुबगुबीत टायरांखाली खडी कुरकुरत होती, पाण्यावर धुके तरंगत होते, आणि असा प्रसन्न माणूस त्या रस्त्याने बहुधा कधी गेला नसेल. पहिल्या दगडाशी मीटर पाहतात, तो एक किलोमीटर पन्नास मीटर! दुसऱ्याशी दोन किलोमीटर शंभर! निरीक्षकांना भरून आले. एवढी मोठी लबाडी, इतकी वर्षे, उघड्यावर, आणि एकाच्याही ध्यानात येऊ नये?

एकोणिसाव्या दगडापाशी मीटरचे वीस पुरे झाले. तिथे त्यांनी चुन्याची जाड रेघ ओढली.

घरी येऊन त्यांनी कालवा खात्याला चार पानी तक्रार लिहिली: दगड चुकीच्या अंतरावर रोवून खाते प्रत्येक वाटसरूला किलोमीटरमागे पन्नास मीटर जास्त चालवीत आहे!

"जास्त?" बायको म्हणाली. "सरकारने कधी कुणाला काही जास्त दिलंय का?"

"म्हणूनच प्रकरण गंभीर आहे!"

लेकीने रेघ पाहिली होती. "बाबा, पण दगडावर एकोणीस लिहिलंय."

"दगडाला काय कळतं? तू माझ्या रेघेपर्यंत ये."

तिने मान डोलावली. बापाच्या मापावर तिचा लहानपणापासून विश्वास होता. घराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या सगळ्या खुणा त्याच हाताने, मिलिमीटर गाठून, केलेल्या होत्या.

रविवारी सात मुली सुटल्या आणि लेक एक्केचाळीस मिनिटे दहा सेकंदांत रेघेवर आली. ती सायकलवरून उतरली नाही, जवळजवळ सांडलीच. हसत होती, रडत होती, आणि निरीक्षक जमलेल्यांना अचूकतेचे महत्त्व समजावून सांगत होते. मग दुसरी मुलगी आली. पास! तिसरी, चौथी, पास! सातच्या सात पास! प्रशिक्षकांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली.

सातवी होती किराणा दुकानदाराची मुलगी. दुकानदार प्रशिक्षकांसमोर आला.

"सर, माझी पोरगी वाटेत उतरून चेन बसवत होती. मी डोळ्यांनी पाहिलं. ती पास कशी झाली?"

"शेठ, स्वतःच्या मुलीच्या यशावर संशय घेता?" निरीक्षक म्हणाले.

"यशावर नाही, साहेब. तुमच्या चाकावर. जरा इकडे आणता?"

त्याने टायरवर चुन्याचा ठिपका दिला, सायकल एक फेरी पुढे ढकलली आणि जमिनीवर उमटलेल्या दोन ठिपक्यांमध्ये आपली टेप धरली. टेपवर खुद्द निरीक्षकांचाच शिक्का होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

"दोन मीटर आठ सेंटीमीटर. आता मीटर काय म्हणतंय ते बघा."

लेकीने हँडलवरच्या मीटरचे बटण दाबले. छोट्या पडद्यावरचा आकडा तिने दोनदा वाचला.

"चाकाचा घेर, दोन मीटर एकोणीस," ती हळूच म्हणाली. "हे जुन्या चाकाचं माप आहे, बाबा. हे बदललंच नाही. चाक लहान झालं, फेऱ्या वाढल्या, आणि मीटर प्रत्येक फेरीला जुनंच अंतर धरत राहिलं." आणि मग आणखी हळू, "एकोणीसच होते."

आणखी एक किलोमीटर म्हणजे तिला दोन मिनिटे दहा सेकंद. एकूण त्रेचाळीस मिनिटे वीस सेकंद. निरीक्षकांना हे मनातल्या मनात क्षणात जमले. गणित त्यांचे पक्के होते.

"किलोमीटरमागे पन्नास मीटर कमी," दुकानदार म्हणाला. "किलोमागे पन्नास ग्रॅम, तसंच."

"माझ्या... लक्षात आलं नाही," निरीक्षक म्हणाले.

दुकानदाराने नुसता हात पुढे केला. निरीक्षकांनी खिशातून तार, शिसे आणि पक्कड काढून त्या हातावर ठेवली. मीटरला सील लागले.

निकाल रद्द झाला. पुढच्या रविवारी पुन्हा, आणि या वेळी विसाव्या दगडापर्यंत. ती संध्याकाळ लेकीने बूट धुण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी मात्र ती बापाची सायकल घेऊन मिस्त्रींकडे गेली. बाप दहा पावले मागून गेला.

"काका, ही चाकं माझ्या सायकलला बसतील? खडीवर माझा टायर फार उडतो."

"बसतील की! मात्र चाक लहान म्हणजे पॅडल जमिनीजवळ येणार. वळणावर जपायचं. आणि मीटरमध्ये ते माप—"

"सांगा ना, काका."

मिस्त्रींनी घाबरत एकदा निरीक्षकांकडे पाहिले आणि मग ते वाक्य, जन्मात पहिल्यांदाच, शेवटपर्यंत म्हटले. निरीक्षक नट मोजत उभे राहिले.

रविवारी त्यांना प्रशिक्षकांनी रस्त्यापासून शंभर मीटर लांब उभे केले. शंभर मीटर प्रशिक्षकांनी पावलांनी मोजले, अंदाजाने, आणि निरीक्षक चकार शब्द बोलले नाहीत. विसाव्या दगडाशी लेक आली, बेचाळीस मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद! सातांत पास ती एकटीच.

निरीक्षक धावत आले. "बघ, मी म्हणत नव्हतो? टायर रुंदच हवा!"

"हो, बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "तुमचे टायर अगदी बरोबर होते."

'टायर' या शब्दावर तिने जरा जास्तच जोर दिला, असे त्यांना वाटले. पण तो काही मोजता येण्यासारखा नव्हता.

महिनाभराने कालवा खात्याकडून टपाल आले. निरीक्षकांची चार पाने त्यात जशीच्या तशी होती. वर एक चिठ्ठी: तक्रार मापाविषयी असल्यामुळे चौकशीसाठी वजनमापे निरीक्षकांकडे पाठवीत आहोत.

दार लावून निरीक्षकांनी ती चारही पाने पुन्हा वाचली. भाषा झकास होती. मग त्यांनी लाल शाईचे पेन उघडले आणि तळाशी शेरा लिहिला: "तक्रारदार ओळखीचा आहे. विश्वास ठेवू नये."