राहीआऊंचा सवाल आणि एकवीस वाखाणण्या

श्री. पाळण्यांत निजलेल्या सकळ लेकरांस आधी वंदन, मग गजाननास, कारण तोही कोणे काळी पाळण्यातच निजत होता. शके सोळाशे बासष्ट, रौद्रनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी भर दरबारी जे घडले ते देखिले तैसे लिहिले आहे. 

ते राज्य लहान, जमीन खडकाळ, पिकाची आशा थोडी, परंतु शिसवीचे लाकूड उदंड आणि सुतारांचे हात गुणी, म्हणोन पाळणे करावे आणि परराज्यी विकावे ही चाळीस घरांची वृत्ती. आणि विकण्याची रीत ऐसी की, पाळणा ज्याने केला त्याने तोंड उघडू नये. त्याकरिता दरबारी वाखाणनवीस नेमिले होते, नाव अंबाजीपंत, गळा गोड, पाठांतर अफाट. त्यांनी गिऱ्हाइकापुढे उभे राहून मालाच्या वाखाणण्या म्हणाव्या, आणि मध्येच गिऱ्हाईक बोलले तर तो अपशकुन, मग पंतांनी पळीभर पाण्याचे आचमन करून पहिलीपासून पुन्हा आरंभ करावा. मागील दोन साली दोन राज्यांचे लोक आले, मध्येच काही पुसो लागले, आणि पुन्हा पुन्हा आरंभ ऐकोन उठून गेले. मग मोठी मसलत होऊन ऐसे ठरले की वाखाणण्या कमी पडतात, आणि सतराच्या एकवीस केल्या. आता तिसरे गिऱ्हाईक आले, आणि हेही गेले तर चाळीस घरांनी नदीपलीकडे दगडाच्या खाणीवर जावे, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे त्याने राहावे, मग भाऊ भावापासून तुटला तरी तुटो, ऐसा हुकूम लिहून तयार होता. शिक्का तेवढा उठवायचा राहिला होता.

गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या राज्याच्या वडील सुईण राहीआऊ, वय सत्तर, पाठ वाकलेली, नजर मात्र सुईच्या नेढ्यातून जाईल ऐसी. त्यांच्या राणीसाहेबांस बाळंतघरांसाठी तीनशे पाळणे घेणे होते. पाळणा मध्यभागी मांडिला, आणि तो करणारी जिवूबाई सुतारीण, नवरा गेल्यापासून त्याची वाकस हाती घेऊन लाकूड तासणारी, ती रीतीप्रमाणे खांबाआड उभी राहिली. मग पंत पुढे जाहले आणि बोलिले, "हा पाळणा नव्हे, लाकडात अवतरलेला कल्पवृक्ष," आणि चौथ्या वाखाणणीस आले तो राहीआऊ म्हणाल्या, "पंत, एक विचारू? निजल्या जागेवरून आईचा हात ह्यात पोचतो का?" दरबार शहारला, पंतांनी आचमन केले, आणि कल्पवृक्ष पुन्हा अवतरला. नवव्या वाखाणणीस आऊ म्हणाल्या, "मी हेच विचारत्ये, हात पोचतो का?" पुन्हा आचमन. तिसऱ्या खेपेस आऊंनी दुसऱ्याच वाखाणणीस अडविले, "बाबा, तुझ्या झाडाचं कळलं. हाताचं सांग." पंतांनी पळी उचलली. मग आऊंनी काठी घेतली आणि भोयांस म्हणाल्या, "चला रे, पालखी काढा. ह्यांचा पाळणा नको नि ह्यांची आरतीही नको."

राजेसाहेबांचा हात शिक्क्याकडे गेला. इतक्यात जे घडले ते त्या गादीपुढे कधी घडले नव्हते. जिवूबाई खांबाआडून निघाली, पाळण्याशेजारी आली, आणि सकळ दरबारादेखत उघड्या फरशीवर उताणी निजली. चोपदाराच्या हातची काठी पडली. फडणीसांच्या तोंडचा विडा तोंडीच राहिला. कोणी म्हणाले भोवळ आली, कोणी म्हणाले पाणी आणा, तो ती निजल्या निजल्या म्हणाली, "भोवळ नाही आली. मापत्ये." आणि तिने हात वर केला, आणि हात पाळण्याच्या कडेस लागला नाही.

"नाही पोचत, आऊ," जिवूबाई म्हणाली. "दीड वीत कमी पडते."

आपल्या मालाचे उणे आपल्याच तोंडाने, तेही गिऱ्हाइकापुढे. पंत मटकन खाली बसले. राजेसाहेब गादीवरून उठून उभे राहिले. जिवूबाई पुसती जाहली, "आमच्याकडं बाळंतीण खाटेवर निजते, म्हणून ही उंची. तुमच्याकडं?"

"जमिनीवर. सव्वा महिना, चटईवर."

"हे आम्हांला कोणी सांगितलंच नाही."

"सांगू देताय कुठं," आऊ म्हणाल्या, आणि काठी ठेवून, गुडघे धरीत धरीत, त्याही तिच्याशेजारी फरशीवर निजल्या. आता गादीपुढे दोन बायका आडव्या, आणि सारा दरबार उभा. थोडा वेळ वर पाहून आऊ म्हणाल्या, "तुमच्या राजाच्या छताला कोळिष्टकं फार." "वर बघायला इथं कोण निजतं, आऊ," जिवूबाई म्हणाली. मग आऊंचा आवाज उतरला, आणि त्या म्हणाल्या, "माझी थोरली सून बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी पोराला घ्यायला उठली. पाळणा उंच होता. उठली ती तिथंच कोसळली, रक्त काही थांबलं नाही. मी सुईण, नि घरात होते. पोर सहा वर्षांचं आहे आता." जिवूबाईने त्यांचा हात हाती घेतला. मग ती म्हणाली, "दोन विती खाली घेते, आणि आईकडची कड उतरवते. पण कड उतरवली की पोर पडायची भीती. त्याला काय करावं ते मला आत्ता ठाऊक नाही. आठ दिवस द्या."

"घे आठ. पण आधी एकच. धाकट्या सुनेचे दिवस भरलेत, तिला शेजारी निजवीन. तिचा हात पोचला तर तीनशे तुझे."

पंत खालूनच म्हणाले, "आणि उरलेल्या वाखाणण्या?"

"पाळण्यात पोर घालून म्हणा, पंत," आऊ म्हणाल्या. "लवकर झोपेल."

मग आठ दिवसांत पाळणा जाहला, उतरत्या कडेस सुताची जाळी, आई ओढील तर खाली येणारी आणि सोडील तर वर जाणारी, आणि तो रवाना जाहला. पौषात पत्र आले की, सुनेस कन्या जाहली, निजल्या निजल्या उचलोन घेते, उठावे लागले नाही, उभयता खुशाल, तीनशे धाडणे. राजेसाहेबांनी खाणीचा हुकूम स्वहस्ते फाडिला.

वृत्तांत इतुकाच. दरबारचे शहाणे अद्याप म्हणतात की बाईमाणसाने गादीपुढे निजणे शोभले नाही, आणि ते खरेच असेल. परंतु चाळीस घरे जागच्या जागी नांदतात. लेखन समाप्त.