मंजूर जिना

सन १८६४ च्या हंगामात कापसाचा भाव इतका चढला, की अमरावतीत माणसांना राहायला जागा उरली नाही. जिथे जागा होती तिथे कापूस राहत होता. ही गैरसोय ओळखून खुशालरावांनी तीन मजली माडी बांधली आणि तिच्यात बारा बिऱ्हाडे ठेवली. आगीच्या बंदोबस्ताची कचेरी नुकतीच उघडली होती. तिच्या नियमाप्रमाणे अशा माडीला पुढे एक, मागे एक असे दोन जिने हवे होते. नकाशात दोन होते, बांधलेही दोन. मंजुरीचा शिक्का बसला. शिक्का वाळेपर्यंत खुशालरावांनी मागचा जिना खालपासून वरपर्यंत कापसाच्या गाठोड्यांनी भरून टाकला.

तिसऱ्या मजल्यावर गोदाबाई माळीण राहत होती. तिची सासू पार्बताबाई पायांनी अधू. पुढचा जिना इतका अरुंद, की म्हातारीला वर नेताना खाट वेगळी आणि म्हातारी वेगळी अशा दोन खेपा कराव्या लागल्या होत्या. गोदाबाई कचेरीत गेली.

"पंत, आग लागली त माह्या सासूले खाली कशी आनू? मांगचा जिना कापसानं भरून हाय."

देवीदासपंत कारकुनांनी नकाशा उलगडला. "जिना इथे आहे."

"थो कागदावर हाय. मी माडीवर रायतो."

"जिना असावा, असे नियमात आहे. रिकामा असावा, असे नाही. तरी तुमची भीती रास्त आहे. उपाय करतो."

आठ दिवसांनी उपाय आला. आगीचे मूळ विस्तव. सबब चुलीत राखेखाली विस्तव राखून ठेवण्यास मनाई. संपूर्ण माडीत एकच विस्तव, तोही तळमजल्यावर. त्यामुळे जे बारा विस्तव आजवर राखेखाली मुकाट झोपून होते, ते रोज दोनदा गोवरीवर बसून जिना चढू लागले.

सहाव्या दिवशी शेजारीण माणिकबाईच्या गोवरीवरून एक निखारा दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर उतरला आणि पुढचा जिना पेटला. तळमजला सोडून सगळी माडी तिसऱ्या मजल्यावर पळाली. गोदाबाईने मागच्या जिन्याचे दार उघडले. समोर कापसाची भिंत. तिने पदर खोचला आणि ती एकेक गाठोडे सोडून खिडकीतून अंगणात ओतू लागली.

"अवो, काय करून राहिल्या!" खालून खुशालराव ओरडले. "भाव चढून राहिला ना!"

"आगबी चढून राहिली! सरका तिकडं!"

ढीग कमरेएवढा झाल्यावर तिने सासूला गोधडीत गुंडाळले आणि दिली सोडून. पार्बताबाई गळ्यापर्यंत कापसात रुतली.

"मेली काय वं बुढी?" वरून कोणी विचारले.

"मरते कायले?" म्हातारी म्हणाली. "गोदे, वर ने मले. अजून एकडाव टाक!"

मागोमाग सारी बिऱ्हाडे उतरली. कोणाला खरचटलेही नाही. विहिरीच्या पाण्याने आग विझली.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. देवीदासपंत गंभीर होते. "खिडकी नकाशात हवेसाठी आहे, उतरण्यासाठी नाही. तेव्हा कचेरीच्या दृष्टीने तुम्ही सर्व अजून वरच आहात."

"मंग इथं हे आमी कोन होय?" पार्बताबाईने विचारले.

"तूर्त नामंजूर."

त्यावर तोडगा निघाला. खुशालरावांनी धसक्याने उरलेला कापूस हलवलाच होता. सगळ्यांनी मागच्या जिन्याने वर जायचे आणि मंजूर रीतीने उतरायचे. पार्बताबाईची खाट म्हातारीसकट एका खेपेत वर गेली, एका खेपेत खाली आली. जिना खरोखरच रुंद होता. पंतांनी माणसे मोजून शिक्का मारला. गोदाबाईचे डोळे भरून आले. तिने खुशालरावांना सर्वांदेखत बजावले, "आता इथं एक काडी ठेवली, त मी हाय अन् तुमी हाय."

खुशालरावांनी कान धरले आणि शब्द पाळला. त्यांनी एक काडीही ठेवली नाही.

तिसऱ्या दिवशी गोदाबाईच्या भावाने बाळापूरहून कापसाची पाच गाठोडी पाठवली. खोलीत सासूची खाट. भाव तर चढतच होता. "चार दिवसांची त गोष्ट हाय," म्हणत तिने ती वरच्या पायरीवर लावली. ते पाहून माणिकबाईने मधल्या वळणावर रिकामा पाळणा टेकवला. खाली कोणाचे कांदे आले, कोणाचे मोडके जाते.

आपण हसत असाल, तर जरा उठा आणि आपल्या मागच्या जिन्यापर्यंत जाऊन या. म्हणजे, जाता आले तर.