मासे, मेहुणा आणि मी

घबराट कशी शमवायची, हे माझ्याकडून शिकावं! आमच्या इमारतीचा सेक्रेटरी आहे मी.

शिवणवाल्या काकूंचा सोनेरी मासा मेला. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांचे दोन. लगेच इमारतीच्या ग्रुपवर:

काकू: टाकीत कुणीतरी विष कालवलंय.
वकील: आज मासे. उद्या आपण.
वरचे आजोबा: मी सकाळीच दोन तांबे प्यायलोय. आता?

टाकीची किल्ली फक्त प्लंबरकडे. आणि प्लंबर म्हणजे माझा सख्खा मेहुणा, मीच चिकटवलेला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. (ग्रुपवर माना दिसत नाहीत. तरी वळल्या.)

मी: न्याय म्हणजे न्याय. किल्ली काढून घेतली आहे. मेहुण्याला कामावरून कमी केलं आहे.

स्वयंपाकघरात पातेलं आदळलं.

"माझ्या भावाला झुरळ मारता येत नाही. तो मासे मारणार?"

"अगं, लोकांचा विश्वास..."

"लोकांकडेच जेवा मग."

उपाशीपोटी मी गच्चीवर गेलो. जंतुनाशकाच्या डब्यावर लिहिलं होतं, एक झाकण पुरे. एका झाकणाने घबराट जाते होय? अख्खा डबा टाकीत ओतला.

मी: पाणी शुद्ध झालं आहे. प्यायचं ते उकळून घ्या. माशांचं पाणी ताबडतोब बदला.

सगळ्यांनी बदललं. संध्याकाळी इमारतीतले उरलेसुरले मासे उताणे.

आता मात्र जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. जिन्यात ही गर्दी.

"काकू, तुमच्या माशाला खायला कोण घालायचं?"

"मी."

"मीपण," काकूंचे यजमान म्हणाले.

"ही दोघं विसराळू," काकूंच्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणून मी दोनदा."

"खाऊन मेला. वकीलसाहेब, तुमची काचपेटी?"

"खिडकीत. छान ऊन येतं तिथे."

"शिजले बिचारे."

मग बाईंनी नळाचं पाणी ओंजळीत घेतलं, हुंगलं आणि झटकन हात मागे घेतला.

"हे बाकीचे मात्र खून आहेत. पाण्यात काय घातलंत?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नुसते बघत होते. ग्रुपवरच्यापेक्षा ते फार वाईट असतं.

रात्री मेहुण्याच्या दारात उभा राहिलो.

"कामावर येतो, भाऊजी," तो म्हणाला. "पण टाकी उपसून घासावी लागेल. मदतीला माणूस पाहिजे."

माणूस लगेच मिळाला. सध्या तो गुडघाभर पाण्यात ओणवा आहे, आणि वरून आवाज येतोय,

"भाऊजी, तो कोपरा राहिला."