उजवा हात, डावा पाय

मी कार्टून काढायला शिकलो त्याला कारण बायकोचं एक वाक्य. (वाक्यं तिची बरीच असतात. मी ऐकलेलं हे एक.)

"नुसते उसासे टाकत बसू नका हो. हाताने काहीतरी करा."

तिचा रोख समोर पडलेल्या धुतलेल्या चादरींच्या ढिगाकडे होता, हे मला फार नंतर कळलं. त्या वेळी मी बाबांच्या खाटेजवळ स्टुलावर बसलो होतो. ऑफिसला जायच्या आधी एक तास आणि आल्यावर दोन तास, ही माझी ड्यूटी. बाबांना झटका येऊन पाच आठवडे झाले होते. उजवं अंग गेलं होतं. वाचाही गेली होती, एक शब्द सोडून. तो शब्द म्हणजे "पुन्हा".

हाच शब्द का राहिला, तर बाबा शाळेत पी.टी.चे मास्तर. बत्तीस वर्षं त्यांनी मैदानावर उभं राहून मुलांना चालायला शिकवलं. रांगेत एकाचं जरी पाऊल चुकलं की शिट्टी, त्यामागून "पुन्हा!" आणि अख्खी रांग परत चुन्याच्या रेघेपासून सुरू. डॉक्टर म्हणाले, डोक्यात जे सगळ्यात खोल रुजलेलं असतं ते टिकतं. माझं नाव टिकलं नाही, "पुन्हा" टिकलं. पाणी हवं, "पुन्हा". चादर ओली झाली, "पुन्हा". मी खोलीत शिरलो की डोळे मिटून, अगदी थकल्या आवाजात, "पुन्हा".

(मला बघून डोळे मिटायची त्यांची सवय जुनीच. त्याला आजार जबाबदार नाही.)

मी त्यांच्याच शाळेत होतो. चालताना माणसाचा उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे जातो. हे जगात सगळ्यांना जमतं. कोणी बघत नसेल तर मलाही जमतं. पण कोणी बघतंय म्हटलं की माझ्या उजव्या पायाबरोबर उजवाच हात निघतो. बाबा मैदानाच्या त्या टोकावरून ओरडायचे, "हात बदल!" मी हात बदलायचो. त्याबरोबर पायही बदलायचा. शेवटी त्यांनी मला रांगेतून काढलं आणि पाण्याच्या टाकीपाशी बसवलं, मुलांच्या चपला सांभाळायला. पुढे मी रेकॉर्ड विभागात कारकून झालो. काम तेच, फक्त चपलांच्या जागी फायली आल्या.

तर हाताने काहीतरी करायचं म्हणून मी रस्त्यावरच्या रद्दीवाल्याकडून एक पुस्तक आणलं. जुन्या व्यंगचित्रकारांची चित्रं आणि त्यांवरून शिकायचे धडे. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे उस्तादांची नावं कळायला मार्ग नाही. पण काय हात होते एकेकाचे! टाकाची एक रेघ, आणि माणूस रागावलेला. तीच रेघ जरा वाकडी, आणि तोच माणूस लाजलेला. पुस्तकाचं म्हणणं एकच: स्वतःची अक्कल चालवू नका, आधी वर्षभर नुसती नक्कल करा. मला हे एकदम पटलं. तेवीस वर्षं सरकारी मसुदे उतरवून काढतोय, नक्कल आपला प्रांत.

धडा चौथा होता पोत्याचा. पिठाचं भरलेलं पोतं काढायचं, त्याला नाक नाही, डोळे नाहीत, तरी ते आनंदी दिसलं पाहिजे, दुःखी दिसलं पाहिजे. ऑफिसात मी टिपणीच्या समासात पोती काढायला लागलो. अशीच एक फाईल साहेबांनी परत पाठवली नाही, मलाच बोलावलं.

"हे काय आहे?"

"पोतं आहे साहेब."

"रडतंय का?"

"ते चौदावं आहे साहेब. तेरावं हसरं होतं, ते वरच्या ऑफिसला गेलं."

घरी बायकोने चादर बदलता बदलता माझी वही बघितली. एक पोतं भिंतीकडे कलून पडलेलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली.

"बाबांचं चित्र काढलंत?"

"पोतं आहे गं ते."

वही मिटून तिने उशीखाली सरकवली आणि बादली घेऊन गेली. मी खाटेकडे बघितलं. बाबा तसेच भिंतीकडे कलून पडले होते.

कारण ते पडूनच राहायचे. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या, एक दिवसाआड. धट्ट्याकट्ट्या, हसऱ्या. त्या बाबांना उठवायला बघायच्या आणि बाबा अंग सोडून द्यायचे. डाव्या अंगात ताकद होती, पण मन उठलं होतं. जन्मभर दुसऱ्यांना चालवलेल्या माणसाला एका अनोळखी बाईने "हं आजोबा, एक पाऊल, शाब्बास" म्हणावं, हे त्यांना सहन होत नसावं. बाईंनी आम्हाला दाराबाहेर घेतलं.

"हा महिना महत्त्वाचा. या महिन्यात पायांवर उभे राहिले तर राहिले. नाहीतर पाय विसरतात. मग छातीत कफ धरतो, आणि मग…" बाईंनी पिशवीची चेन ओढली.

बायको त्या दिवशी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून रडली. तिने शिवणाचा क्लास बंद करून टाकला होता, पाठ धरली होती, आणि तरी ती रडली ती बाबांसाठी. मी काय केलं? मी धडा पाचवा उघडला.

धडा पाचवा: चालणारा माणूस. जुन्या उस्तादाने एका ढेरपोट्या माणसाची बारा चित्रं काढली होती. बारा कागदांवर ती एकेक उतरवायची, कागद एकावर एक बांधायचे, अंगठ्याने भर्रकन सोडायचे की माणूस चालायला लागतो. हे काम माझ्यासारख्याने करावं असंच होतं. ऑफिसचं पंचिंग मशीन, फायलीचा टॅग, सगळं हाताशी. दोन स्टुलांवर कपाटाची काच ठेवली, खाली दिवा लावला, म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून दिसतं. ढेरपोट्याऐवजी मी गळ्यात शिट्टी असलेला उंच माणूस काढला. का, ते मला विचारू नका.

रविवारी सकाळी चित्रं पुरी झाली. मी खाटेजवळ बसून अंगठ्याने पानं सोडली. माणूस चालला! मला इतका आनंद झाला की मी ते बाबांच्या नाकासमोर धरलं.

"बाबा, बघा. चालतोय."

बाबांनी डोळे उघडले. मी पानं सोडली. त्यांच्या कपाळावर आठी आली. मी परत सोडली. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

मी परत दाखवलं.

"पुन्हा! पुन्हा!!" आता तो आवाज मैदानावरचा होता. त्यांनी डाव्या हाताने ती चित्रं उडवून दिली, खाटेचा कठडा धरला, आणि मी "अगं ए, ये लवकर!" म्हणून ओरडेपर्यंत बाबा उभे होते. बायको पिठाच्या हातांनी धावत आली. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी कंबरेला धरलं. बाबांनी कठडा सोडला, उजवा पाय फरफटत पुढे ओढला आणि डावा हात खांद्यापर्यंत पुढे नेला. माझ्याकडे बघितलं. मग डावा पाय. परत उजवा पाय, डावा हात. कपाटापर्यंत चार पावलं. घामाने निथळत होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या चित्रातल्या माणसाचा उजव्या पायाबरोबर उजवाच हात निघाला होता.

बायकोच्या डोळ्यांत पाणी. "तुम्ही हे मुद्दाम केलंत?" ती म्हणाली. "त्यांना उठवायला?"

(इथे खरं बोलायची संधी होती. मी ती घेतली नाही.)

"हं," मी म्हणालो.

"इतकं डोकं तुम्हाला आहे हे बावीस वर्षांत मला कळलं नाही हो!"

त्या दिवसापासून मी घरातला कर्ता पुरुष झालो. व्यायामाच्या बाईंनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. म्हणाल्या, "रोज एक चुकीचं चित्र दाखवायचं. रोज!" बायको मला बसल्या जागी चहा द्यायला लागली. आणि मी रोज रात्रीचं जेवण झालं की काचेपाशी बसून जिवाच्या कराराने माणूस बरोबर काढायचा प्रयत्न करत होतो, आणि तो रोज चुकत होता. आता नऊ दिवस झाले तरी हात काही सुधारेना. सकाळी बाबा बघायचे, भडकायचे, उठायचे. चार पावलांची सहा झाली, सहाची अकरा झाली. नवव्या दिवशी ते दारापर्यंत जाऊन आले. शेवटी तर मी चित्रं घेऊन यायच्या आधीच ते पाय खाली सोडून बसलेले असायचे, डोळे दाराकडे.

मला बघून ते डोळे मिटत नव्हते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण माझ्यात एक किडा आहे. मला वाटलं, बाबा रोज इतका जीव काढून दाखवतायत, आपण एकदा तरी बरोबर करून दाखवावं. पन्नाशीला आलो, एकदा तरी.

दहाव्या दिवशी मी रजा टाकली. उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला, डाव्या घोट्याला लाल दोरा बांधला, आणि बेडरूमच्या आरशासमोर चाललो. दोन्ही लाल एका वेळी पुढे आले पाहिजेत. तीन तास चाललो. बायको दारातून बघून गेली आणि तिने विचारलंही नाही. मग उस्तादाची बाराही चित्रं समोर ठेवून, लाल पेन्सिलीने खुणा करत, एकेक रेघ उतरवली. ढेरपोट्याचं वजन कुठल्या पायावर आहे, खांदा कधी पडतो, हात कधी मागे राहतो. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अनाम माणसाने सगळं लिहून ठेवल्यासारखं काढलं होतं, मलाच वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाच्या बाई होत्या, बायको होती. बाबा पाय सोडून तयार. मी पानं सोडली.

बाबांनी बघितलं. मी परत सोडली. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, म्हणजे थांब, हळू. मी एकेक पान हळू दाखवलं. बाराही. त्यांनी एकदम वर माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. बराच वेळ काहीतरी जुळवत होते.

"विश्राम," बाबा म्हणाले.

बाई किंचाळल्याच. "दुसरा शब्द! दुसरा शब्द आला!" बायकोने मला सगळ्यांसमोर मिठी मारली. मी रडत होतो. मैदानावर शेवटची रांग बरोबर आली की बाबा हेच म्हणायचे. विश्राम. मला हे त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं, मी टाकीपाशी असायचो.

या सगळ्या गडबडीत बाबांनी पाय वर घेतले, आडवे झाले आणि भिंतीकडे वळले. आम्हाला वाटलं, दमले असतील.

त्यानंतर ते परत पायांवर उभे राहिले नाहीत. काम झालं होतं त्यांचं. शेवटचा मुलगा शिकला होता.

दोन दिवसांनी बायकोच्या लक्षात आलं. तिने ती बारा पानं हातात घेऊन परत परत बघितली. "अहो, हे तर बरोबर आहे," ती म्हणाली. आणि मग इतक्या हळू आवाजात, की ओरडली असती तर बरं झालं असतं, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला बरोबर काढायला?"

मी चुकीची चित्रं काढली. मुद्दाम, डझनावारी. उजवा हात उजवा पाय, दोन्ही हात पुढे, एकदा तर माणूस उलटा चालवला. बाबा एक नजर टाकायचे आणि मान फिरवायचे. बत्तीस वर्षं पोरांचे बहाणे बघितलेला माणूस. खरी चूक कोणती आणि सोंग कोणतं हे त्यांना पहिल्या पानावर कळायचं. आणि खरी चूक मला आता येत नव्हती. कागदावर तरी हात बसला होता.

पुढे बाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. आधी कफ, मग ताप. तेवीस दिवसांनी दुपारी बाबा गेले. मी तेव्हा शेजारी बसून चादरींच्या घड्या घालत होतो.

अंत्ययात्रेत गाडीमागून आम्ही चाललो. मी सगळ्यांत पुढे. मागे बाबांचे जुने विद्यार्थी, चाळीस-पन्नास तरी असतील, टक्कल पडलेले, पोट सुटलेले. कोणी काही सांगितलं नाही, पण दहा पावलांत त्यांच्या दोन रांगा झाल्या आणि पावलं एकदम पडायला लागली. एवढी मोठी माणसं, एकाचंही चुकत नव्हतं. मला वाटलं, आज सगळे माझ्याकडे बघतायत.

बायको भराभर चालत माझ्या शेजारी आली. डोळे सुजलेले. माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "अहो, हात."

मी खाली बघितलं. मग हात बदलला.

पायही बदलला.